पेवाच्या तोंडावर

पेव उघडण्यात थोरल्या भावजींचा फायदा काय होता, ते आधी मांडते. एक, तोंडावर आलेल्या निवडणुकीतलं सरपंचपद. त्याच्या जोडीला चुलतभाऊ अंबादासचं कायमचं बंद होणारं तोंड. आणि वर सासुरवाडीची हौस. तिकडे त्यांना अजून नुसतं 'जावई' म्हणत, आता 'सरपंच जावई' म्हणतील. तोट्याच्या बाजूला त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. म्हणूनच त्या सकाळी ओसरीवर आरसा टेकवून, मिशीचं टोक कातरत ते एवढ्या खुशीत बोलत होते.

"आई, औंदा आबांचं पेव फोडायचं. भर दिवसा, सगळ्या गावाम्होरं. बघू दे अंबादासला, आत माती हाय का ज्वारी."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "आन् माती निघाली तर?"

"आबांनी सोताच्या हातानं भरलंय ते!"

"तुझ्या आबांनी मला पाटल्या करतो म्हणून बी सोताच्याच तोंडानं सांगितलं हुतं."

मी दाराआड पदर तोंडात कोंबला. थोरल्या भावजींसमोर धाकट्या सुनेनं हसायची रीत नव्हती.

'अमक्याचं पेव फुटलं' असं पेपरात रोज छापून येतं, पण छापणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी खरं पेव पाहिलं असेल. जमिनीत पुरलेली अजस्र घागर समजा. वर माणसाचे खांदे कसेबसे जातील एवढं तोंड, खाली भलं मोठं पोट. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आमच्या मंगळवेढ्याच्या बाजूची ज्वारी तशी वर्षानुवर्षं राहते. सासऱ्यांनी घरामागच्या पांढरीत, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, ते शेवटचं पेव भरलं होतं, आणि या गोष्टीच्या दोन सुगी आधी ते वारले. तेव्हापासून अंबादासनं उठवून दिलं होतं की, म्हाताऱ्यानं वर चार पोती ज्वारी पसरलीय, खाली सगळा मुरूम. त्या पेवाच्या नावावर दोन्ही पोरांना पोरी मिळाल्या. त्या दोन पोरींतली धाकटी मी. बार्शीकडची. माझ्या वडलांनी खरोखरच त्या फरशीवर उभं राहून, टाच आपटून माझी सोयरीक पक्की केली होती. त्यामुळे अंबादासचं बोलणं मलाही लागत होतंच.

"दिव्याचं कसं करायचं?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे धाकटे, सोपान नाव. कमी बोलायचे, पण रीत विसरायचे नाहीत. "आबा दोराला कंदील बांधून आत सोडायचे. इझला तर फरशी लावून परत यायचे. म्हणायचे, पेव जागं हाय, निजू द्या त्येला."

मिशीवरची कात्री थांबली. "आन् गावाम्होरं इझला तर? अंबादास डंका पिटंल, देवानंच कौल न्हाई दिला म्हणून."

आता दोघंही आईकडे बघायला लागले. अशा वेळी त्या घरात तिकडेच बघायची पद्धत होती. आत्याबाई शाळेचं तोंड न बघितलेल्या, पण कुठल्या गोष्टीला काय किंमत पडेल याचा अंदाज बांधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि निकाल दिला.

"आत सोडूच नका. काठावर ठेवा. चांगल्या काचंचा घ्या, हळदकुकू व्हा, नारळ फोडा. दिवा लोकास्नी दिसल्याशी काम."

भावजींनी आरशातल्या आरशात मिशीला पीळ दिला.

पेव उघडायचं तर आदल्या दिवशी फरशी सरकवून ते मोकळं ठेवायचं, अशीही रीत होती म्हणे. पण मग गर्दीसमोर फोडायला उरलं काय? तेव्हा फरशी दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, वाजंत्री लावूनच हलवली. आतून भपकारा आला, आंबूस, उबट, शिळ्या ताकासारखा. आणि वास ओसरल्यावर जी दिसली ती ज्वारीच होती. तोंडापासून हातभर खाली, पिवळसर, गच्च. भावजींनी मूठभर काढून अंबादासच्या दिशेनं उधळली. लोकांनी आरोळी दिली. काठावर काचेचा कंदील भर उन्हात जळत होता, त्याची ज्योत कुणाला धड दिसतही नव्हती.

आत उतरायचं काम आमचा सालगडी सिद्राम याचं. त्याचाही फायदा ठरलेला होता. धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्यात कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन असं पुढं. आणि पेवातला तो लाभ आत उतरणाऱ्याचा. त्याची बायको मलव्वा पहिली पाटी घ्यायला नवं लुगडं नेसून, पोतं पसरून बसली होती.

"मलव्वा, पोतं मोठं आणलंस गं," भावजी म्हणाले.

"पेव मोठं हाय की, मालक," ती म्हणाली, आणि बाया हसल्या.

सिद्राम तोंडात उभा राहून आधी वरची ज्वारी उपसायला लागला. अर्धं अंग बाहेर, हात आत. "लाभ!" त्यानं पहिली पाटी दिली, मलव्वाच्या पोत्यात गेली. "दोन. तीन." आमचे हे दोरानं पाट्या ओढत होते, भावजी ओतत होते. जसजशी ज्वारी उतरली तसतसा सिद्राम खाली गेला. आधी खांद्यांपर्यंत, मग मुंडासं तेवढं दिसायचं, मग तेही दिसेना. आता तो गुडघ्यांवर बसून, वाकून आतल्या पोटातली ज्वारी ओढत असणार. नुसता आवाज वर यायचा, घागरीत बोलल्यासारखा.

"धा... अकरा..." मग जरा थांबून, "लाभ."

भावजी हसले. "आरं ए, चुकलास!"

"लाभ," खालून आलं. आवाज जड होता, जिभेखाली काहीतरी धरल्यासारखा. पाटी आली ती अर्धीच.

"दर पाटीला लाभ? समदं पेव घरी न्हेतूस काय, सिद्राम?"

गर्दी खदखदून हसली. मलव्वाही पदर तोंडाला लावून हसली. खालून सिद्रामही हसला. ते हसू मला अजून नीट सांगता येत नाही. त्यात गंमत नव्हती. पाळण्यातलं मूल झोपेत हसतं तसं, कुणाकडे न बघता केलेलं. मग अगदी बारीक, "लाभ... लाभ..." आणि दोर सैल पडला.

"सिद्राम?"

वाजंत्री थांबली.

ह्यांनी काठावरचा कंदील उचलला, दोराला बांधला आणि बघायला म्हणून आत सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तोंडाच्या आत गेल्यावर ज्योत पिवळीधमक दिसायला लागली. थोडं खाली गेल्यावर ती आखडली, एका अंगाला वळली, आणि फुंकर न मारता गेली. ह्यांनी कंदील वर ओढला, पेटवला, परत सोडला. त्याच जागी गेली. जणू तिथे कुणीतरी बसलं होतं आणि चिमटीत वात धरत होतं.

"पेव जागं हाय," गर्दीतलं कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, आणि पुढे आलेले लोक एकेक पाऊल मागे सरले.

"वारा हाय, दुसरं काय न्हाई," भावजी म्हणाले. वारा कुठला! समोरच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं. पण अंबादास बघत होता, सगळं गाव बघत होतं, आणि सरपंच होऊ घातलेला माणूस गड्याला खाली टाकून काठावर उभा कसा राहणार? भावजींनी धोतराचा काचा मारला आणि आत पाय सोडले.

"ऊठ रं ए सिद्राम, काय सोंग..." एवढंच ऐकू आलं. मग धप्प असा आवाज. त्यांचा एक हात तोंडाच्या काठाला धरलेला राहिला होता. अंगठी घातलेला हात. आम्ही बघत असताना त्याची बोटं एकेक करून सुटली, कुणी समजावून सोडवावीत तशी. सगळ्यात शेवटी अंगठीचं बोट.

शेवंताबाई, माझी थोरली जाऊ, तिनं जी किंकाळी फोडली ती आधी पेवाकडे होती. दुसरी आमच्या ह्यांच्याकडे.

"भावजी! बघत काय उभं ऱ्हायलाय? भाऊ हाय तुमचा!"

ह्यांनी सदरा काढला. तो ठेवायला जागा शोधली आणि माझ्या हातात दिला. गरम होता. मला तेव्हा जे कळत होतं ते एवढंच, की जो माणूस त्या तोंडातून खाली जातो तो बोलायचा थांबतो. आणि मी 'जाऊ नका' म्हटलं असतं तर जन्मभर सगळ्या गावानं मला भावाच्या मरणावर नवरा राखणारी म्हटलं असतं. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सदरा घट्ट धरला. त्यांनी एक पाय आत टाकला.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. आल्या म्हणजे, ह्यांना खांद्यानं ढकलून बाजूला पाडलं आणि पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसल्या. अंगानं त्या भरलेल्या होत्या. त्यांचं लुगडं पसरलं आणि पेवाचं तोंड नाहीसं झालं. खाली दोन माणसं होती, त्यातला एक त्यांच्या पोटचा, आणि त्यांच्यावर झाकण घातल्यासारख्या त्या बसल्या होत्या.

"आई! ऊठ! येडी झालीस का काय?" ह्यांनी त्यांचा दंड धरला. अजून दोघं पुढं आले.

आत्याबाईंनी अंबाडा ओढून सोडला. सगळे पांढरे केस तोंडावर आले. मान गोल फिरायला लागली, आधी हळू, मग जोरात, आणि घशातून घरघर निघाली. मी त्या घरात आल्यापासून तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"दोन घेतले," त्या आवाजानं सांगितलं. "तिसरा देऊ नका."

दंडावरचे हात गळून पडले. वाकलेली माणसं तशीच खाली बसली, कपाळं मातीला टेकली. ह्यांनी हात जोडले. अंबादासनं सुद्धा.

"गळ आणा," त्या घुमत म्हणाल्या. "हिरीचा गळ. माणूस उतरंल त्येचा वंस बुडंल."

गळ, म्हणजे विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी आकडा, पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीवर होता. पोरं पळाली. तो येईपर्यंतचा वेळ मी त्यांच्या समोर उभी होते. शेवंताबाई त्यांच्या पायांवर डोकं आपटत होती, "उठ गं माजे आई, वाट सोड, माझं कुकू हाय आत!" कुणीतरी मळवट भरला. कुणी लिंबू उतरवलं. आणि आत्याबाई घुमत होत्या. मध्येच मात्र त्यांचं घुमणं थांबायचं. मान एका बाजूला कलायची, डोळे मिटायचे, आणि त्या काहीतरी ऐकत राहायच्या. लोक म्हणाले, देवी सांगतीय, त्या ऐकतायत. दोन्ही हातांची बोटं त्यांनी काठाच्या मातीत रुतवली होती. मग पुन्हा घुमायच्या, आधीपेक्षा जोरात.

गळ यायच्या थोडं आधी त्यांची मान अशीच कलली, बराच वेळ तशीच राहिली. मग त्या आपण होऊनच शांत झाल्या.

थोरल्या भावजींना करदोड्याला अडकवून वर काढलं, मग सिद्रामला. दोघंही झोपल्यासारखे. भावजींच्या गालाला आणि मिशीला ज्वारीचे दाणे चिकटले होते. तालुक्याचे डॉक्टर आले ते म्हणाले, "बंद जागेत धान्य आतली हवा खाऊन टाकतं. उरतो तो जड वायू, तो पाण्यासारखा खाली साचून राहतो. दिवा विझवतो, माणूस विझवतो. अजून कुणी उतरलं असतं तर त्यालाही बाहेर काढावं लागलं असतं."

गावानं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घेतलं. देवीला आधीच माहीत होतं. आत्याबाईंच्या अंगात येऊन तिनं तिसरा वाचवला. पेव बुजवलं, त्याच्या तोंडाच्या जागी शेंदूर लावून दगड बसवला.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. या बाईनं आयुष्यात कधी कुणाच्या अंगात आलेलं खरं मानलं नव्हतं. एका नवरात्रात शेवंताबाईच्या अंगात आलं होतं, तेव्हा भरल्या घरात आत्याबाईंनीच ऐकवलं होतं, "अंगात आलं म्हंजी चार दिस जात्याला हात लावाया नको." मला वाटलं, अवसेला बाया नारळ घेऊन दारात येतील तेव्हा ह्या खराटा घेऊन उठतील. बाया आल्या. आत्याबाई उठल्या, पाट मांडला, केस सोडले आणि घुमायला लागल्या. त्या अवसेला, पुढच्या अवसेला, आणि मग सगळ्याच.

त्यांनी मला सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या, मी खडे वेचत होते. आदल्या दिवशीची अवस आटपली होती. मी जरा चेष्टेनंच म्हटलं, "आत्याबाई, काल देवी लवकर गेली की. वैतागली व्हय?"

"तुला कधीपासनं ठावं हाय?"

"काय?"

"कुठली देवी आन् कुठलं काय." सूप हलत राहिलं. "आई म्हणून बसले असते, तर चौघांनी दंडाला धरून उचलून टाकलं असतं मला. देवीला कोण हात लावतंय?"

"पण तुमाला कळलं कसं, उतरू द्यायचं न्हाई ते?"

"कंदील दोनदा गेला. जितं दिवा जगत न्हाई, तितं माझं लेकरू जगंल व्हय?" त्यांनी फोलफाट उडवून दिलं. "पर ते कळस्तोवर एक लेकरू खाली गेलं हुतं. दिवा काठावर ठेवा म्हणणारी बी मीच की. सासरा तुझा येडा न्हवता. त्येला 'का' ते ठावं न्हवतं, पर 'कसं' ते ठावं हुतं. मी नुसतं चांगलं दिसण्याकडं बघितलं."

मला वाटलं, एवढंच. पण सूप थांबलं.

"खाली घोरत हुतं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ल्हानपणापासनं घोरतंय ते. मला वळखू यायचं न्हाई व्हय? माझ्या मांडीखाली. लांब लांब. आता थांबलं वाटायचं, परत यायचं. मी उठले असते तर सोपान गेला असता. बसले तर ह्यो." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "ऐकत बसले. गळ यायच्या जरा आदी थांबलं."

मग मी म्हटलं, "मग आता बंद का करत न्हाई हे घुमायचं? किती वरसं झाली. देवी गेली म्हणून सांगायचं."

"आन् शेवंतानं इचारलं तर? देवी न्हवती, मग तवा तिथं बसली कोण हुती?"

ह्यांना काही सांगायचं नाही हे त्यांनी मला बजावलंही नाही. मी सांगणार नाही हे त्यांनी आधीच धरलं होतं. ह्यांनी शेवटपर्यंत त्या शेंदरी दगडाला नमस्कार केला.

तेव्हा आता शेवटची बेरीज करते. सरपंच अंबादास झाला, बिनविरोध. त्याला त्याची काहीच किंमत पडली नाही. मलव्वानं लाभाचं पोतं जागेवर सोडलं आणि माहेरी गेली. ह्यांचा भाऊ गेला. मला मात्र माझा माणूस अख्खा मिळाला, सदऱ्यासकट, आणि माझ्या पदरचं काही गेलं नाही. शेवंताबाईचं कुंकू गेलं. पण तिचं आणि सिद्रामचं एकदाच काय ते घेतलं गेलं.

आत्याबाईंचं तसं नव्हतं. दर अवसेला ओळीत पहिली शेवंताबाई असायची. नारळ ठेवायची, घुमणाऱ्या पायांवर डोकं टेकायची आणि दर खेपेला एकच विचारायची, "देवी, माझ्या मालकाला लई तरास झाला का गं?"

आणि आत्याबाई केसांच्या आडून, घोगऱ्या आवाजात सांगायच्या, "न्हाई गं पोरी. लगीच गेला."

मरेपर्यंत. एकही अवस न चुकता.